फाइलमधलं वर्तुळ कुठे हरवतं?

(पडद्यावर: एक वर्तुळ, एक चौकोन. शेजारी एक्सएमएलच्या ओळी उमटत जातात.)

चित्रं काढायचा एक प्रोग्राम. 'आकृती' हा मूळ क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा; त्याचे वारस 'वर्तुळ' आणि 'चौकोन'. चित्र म्हणजे आकृत्यांची यादी. प्रोग्राम चालू असेपर्यंत आपण कोण, हे प्रत्येक ऑब्जेक्टला ठाऊक असतं. फाइलमध्ये उरतो तो निव्वळ मजकूर, इथे एक्सएमएल: माहितीच्या प्रत्येक तुकड्याला नावाचा टॅग लावायची पद्धत. तो परत वाचताना यादीच्या व्याख्येत फक्त 'आकृती' दिसते. मग नवं ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचं बनवायचं?

मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटचा एक्सएमएल सिरिअलायझर, म्हणजे ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणारा आणि ते परत वाचणारा भाग, इथे कडक आहे. मूळ क्लासवर 'एक्सएमएल इन्क्लूड' ही सूचना लावून किंवा दुसऱ्या मार्गाने वारस आधी कळवले नसतील, तर तो वर्तुळ लिहायलाच नकार देतो. कळवले असतील, तर टॅगवर क्लासचं नाव सांगणारी 'एक्सएसआय:टाइप' ही खूण करतो. ही खूण २००१ साली प्रमाण ठरलेल्या एक्सएमएल स्कीमा या रचनेच्या नियमावलीतली.

(पडद्यावर: टॅगवरची खूण पुसली जाते.)

आता समजा, फाइल दुसऱ्याच प्रोग्रामने बनवली आणि त्याने ही खूण केलीच नाही. 'आकृती' ॲबस्ट्रॅक्ट असेल, म्हणजे तिचं थेट ऑब्जेक्ट बनवता येत नसेल, तर लगेच एरर येते, आणि आलेली बरी. पण ती ॲबस्ट्रॅक्ट नसेल, तर सिरिअलायझर मुकाट्याने साधी आकृती बनवतो. पुढे 'त्रिज्या' टॅग येतो. आकृतीत त्रिज्या नाहीच, म्हणून तो टॅग सोडून पुढे जातो. फाइल उघडते, आकृत्यांची संख्याही जुळते, त्रिज्या मात्र गायब. आणि तीच फाइल पुन्हा सेव्ह केली, की मूळ मजकुरातूनही ती गेली! म्हणून मूळ क्लास शक्यतो ॲबस्ट्रॅक्टच ठेवा, आणि अनोळखी टॅग आला की कळवणारा 'अननोन एलिमेंट' हा इव्हेंट जोडायला विसरू नका.

खूण नको असेल तर टॅगच वेगळे ठेवता येतात: 'वर्तुळ' टॅग दिसला की वर्तुळ बनव, असं यादीवरच नोंदवायचं. जावा भाषेच्या जॅक्सबी या अशाच साधनातही ही सोय आहे.

पण वारस आधी कळवायची सक्ती कशाला? फाइलमधल्या नावावरून क्लास आपोआप शोधला तर? फाइल कोणीही लिहू शकतं, म्हणून. असं नावावरून क्लास शोधणाऱ्या जावाच्या एक्सस्ट्रीम लायब्ररीत २०१३ साली नोंदल्या गेलेल्या त्रुटीत, मुद्दाम रचलेलं एक्सएमएल वाचायला लावून सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता येत होती. २०२१ च्या १.४.१८ या आवृत्तीपासून एक्सस्ट्रीमही परवानगीच्या यादीतलेच क्लास बनवू देतं.