धुऱ्यावरचा गुलाबी बहर

फेब्रुवारीत विदर्भातल्या कपाशीच्या वावरांत वाळलेल्या पऱ्हाट्या उरतात, तेव्हा धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, काही झाडांच्या निष्पर्ण फांद्या फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात. त्यांची छायाचित्रे चेरीचा बहर म्हणून मोबाइलवर फिरतात. प्रत्यक्षात हे झाड गिरीपुष्पाचे, म्हणजे ग्लिरिसिडियाचे आहे. चेरीच्या बहुतेक जातींच्या कळ्यांना उमलण्यापूर्वी दीर्घ थंडी लागते. शिलाँगच्या डोंगरातली रानचेरी नोव्हेंबरातच फुलते, पण तीही थंड डोंगराळ हवेतली. यवतमाळ-वर्ध्याच्या हिवाळ्यात तेवढी थंडी नसते.

फूल हातात घेतले की शंका फिटते. चेरीच्या साध्या फुलाच्या पाच पाकळ्या सारख्या असतात, तर गिरीपुष्पाचे फूल वाटाण्याच्या कुळातले असून त्याच्या मोठ्या पाकळीच्या बुडाशी पिवळसर डाग दिसतो. चेरीचे पान सुटे व दातेरी कडांचे, तर गिरीपुष्पाच्या एका देठावर समोरासमोर पर्णिका आणि टोकाला एकटी पर्णिका असते. पुढे चपट्या शेंगा येतात आणि वाळल्यावर तडकून बी दूर फेकतात.

मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले हे झाड तिकडे कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी लावत आले आहेत. आपल्याकडे त्याचा मान हिरवळीच्या खताचा आहे. मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून त्याचा कोवळा पाला जमिनीत लवकर कुजतो आणि पिकाला नत्र देतो.

पावसाच्या सुरुवातीला अंगठ्याहून जाड, पक्व फांदीचे सुमारे मीटरभर लांबीचे छाट खालून तिरपे कापून रोवतात. बियांपासूनही रोप सहज होते आणि त्याचे मूळ खोल जाते, त्यामुळे कोरडवाहू जमिनीत बी लावणेच मला अधिक शहाणपणाचे वाटते. काळ्या जमिनीत पाणी साचते आणि साचलेले पाणी या झाडाला सोसत नाही, म्हणून उंच धुरा हीच त्याची योग्य जागा.

मात्र खत आणि फूल एकाच फांदीवर मिळत नाहीत. बहर जुन्या, पक्व फांद्यांवर येतो. पाल्यासाठी वर्षातून दोन-तीनदा छाटलेले झाड सहसा फुलतच नाही. रस्त्यावरून दिसणारी गुलाबी झाडे बहुधा कोयता न लागलेली असतात. मधमाश्यांसाठी आणि बियाण्यासाठी धुऱ्याच्या टोकाची दोन-चार झाडे पावसाळ्यानंतर न छाटता राखावीत आणि बाकीच्यांचा पाला खुशाल वावरात घालावा.