नावावरची रेघ

(दृश्य: जुने गोवे. बॉम जेझुस बॅसिलिकेचा दर्शनी भाग.)

या चर्चचं अभिषेकविधीसह उद्घाटन १६०५ साली झालं. जांभ्या दगडाच्या भिंतीवर अगदी वर नजर टाका. काळ्या दगडात कोरलेली तीन अक्षरं दिसतील: आय, एच, एस. पर्यटकांच्या फोटोंत ती हमखास येतात, पण मुद्दाम थांबून वाचणारे थोडेच.

येशूसंघीयांची, म्हणजे जेझुइटांची, ही खूण. ‘येशू, मानवांचा तारणारा’ या लॅटिन शब्दांची ही आद्याक्षरं, असं सर्रास सांगितलं जातं. तो अर्थ मागाहून जोडलेला आहे. मुळात ही अक्षरं ग्रीक: आयोटा, ईटा, सिग्मा. येशूच्या ग्रीक नावातली पहिली तीन. मधलं अक्षर दिसायला एच, पण तो ईटा नावाचा स्वर आहे.

(दृश्य: चर्मपत्राचं पान, चार स्तंभांत ग्रीक मजकूर.)

नाव असं आखडून लिहिण्याची रीत पाहायला आता चौथ्या शतकात जाऊ. हे कोडेक्स सायनायटिकस या बायबलच्या ग्रीक हस्तलिखिताचं पान. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, अक्षरं सलग धावतात. मध्येच दोन अक्षरांवर आडवी रेघ येते. देव म्हणजे ‘थेओस’. इथे फक्त थीटा आणि सिग्मा, पहिलं अक्षर आणि शेवटचं. ‘प्रभू’, ‘येशू’, ‘ख्रिस्त’ हे शब्दही असेच लिहिलेले. विभक्ती बदलली की शेवटचं अक्षर बदलतं, रेघ मात्र कायम. लुडविग ट्राउबे या जर्मन अभ्यासकाने १९०७ साली या लेखनपद्धतीला ‘नोमिना साक्रा’, म्हणजे ‘पवित्र नामे’, असं नाव दिलं.

चर्मपत्र महाग, म्हणून काटकसर केली असेल, असं चटकन वाटतं. मला ते पटत नाही. ‘थेओस’ मुळात चारच अक्षरांचा शब्द. त्यातून वाचणार ती दोन. याच पानावर लांबलचक साधे शब्द मात्र अक्षरन् अक्षर लिहिलेले आहेत आणि चहूबाजूंनी प्रशस्त समास सोडलेला आहे. पत्राच्या मायन्यात ‘ती. बाबांना’ लिहिणारा शाई वाचवत नसतो. त्या ‘ती.’मध्ये मान असतो. या रेघेतही तोच आहे.

पण या मानाच्या रेघेपायी एका वचनावर शतकानुशतकं वाद चालला.

(दृश्य: दोन ग्रीक शब्द शेजारी शेजारी, मोठे करून.)

नव्या करारातलं तीमथ्याला पहिलं पत्र, अध्याय ३, वचन १६. ‘देव देहात प्रकट झाला’, की ‘जो देहात प्रकट झाला’? ग्रीकमध्ये ‘जो’ म्हणजे ‘ओस’: एक गोल आणि सिग्मा. त्या गोलाच्या पोटात एक आडवी रेघ घाला, डोक्यावर दुसरी ओढा, की ‘देव’ तयार. फरक दोन रेघांचा, आणि त्या ओढायला क्षणही लागत नाही.

पाचव्या शतकातलं कोडेक्स अलेक्झांड्रिनस लंडनमध्ये आहे. अठराव्या शतकात योहान याकोब वेटस्टाइन यांनी त्याचं हे पान बारकाईने तपासलं. गोलाच्या पोटात रेघ दिसत होती. पण ती पानाच्या मागच्या बाजूच्या एप्सिलॉन अक्षराची होती, चर्मपत्रातून पुढे उमटलेली! आज अभ्यासकांच्या ग्रीक आवृत्तीत ‘जो’ हाच पाठ छापला जातो. मजकुरातला ख्रिस्त त्याने लहान होत नाही. पत्र लिहिणाऱ्याचे शब्द जपले जातात, आणि श्रद्धेने वाचणाऱ्याला तेच हवे असतात.

त्या आवृत्तीच्या तळटीपा म्हणजे संक्षेपांचं जंगल. हिब्रू आलेफ म्हणजे सायनायटिकस, ए म्हणजे अलेक्झांड्रिनस, बी म्हणजे व्हॅटिकन ग्रंथालयातलं हस्तलिखित. रोमन अंकांतले सत्तर म्हणजे जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर. ते बहात्तर भाषांतरकारांनी केलं अशी आख्यायिका, पण नाव रूढ झालं ते सत्तरीचं. सगळ्यात मोलाची खूण बारीक तारांकन. अक्षराच्या खांद्यावर तारा असेल, तर समजावं की हा मूळ लेखनिकाचा हात. नंतर कुणीतरी तिथे दुरुस्ती केली आहे.

(दृश्य: संगणकाचा पडदा, सायनायटिकसचं पान.)

सायनायटिकसची पानं आज चार ठिकाणी विखुरलेली आहेत: लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाय डोंगराचा मठ. २००९ पासून ती इंटरनेटवर एकत्र पाहता येतात. तीमथ्याच्या पत्रातलं हे वचन काढा. ओळीत ‘ओस’ आहे. त्याच्या वर, ओळीबाहेर, फार नंतरच्या हाताने लिहिलेली दोन छोटी अक्षरं आहेत: थीटा आणि एप्सिलॉन. ‘जो’चा ‘देव’ करणारी.