स्फुरद वहाळात कोणत्या वाटेने जाते?

जांभ्याच्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) घट्ट बसते, ते पिकालाच मिळत नाही तर वहाळाला (ओढ्याला) कुठून मिळणार, असे कोकणात हमखास विचारले जाते. त्यात अर्धे तथ्य आहे. या मातीतले लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड स्फुरदाला धरून ठेवतात, त्यामुळे ते खाली फारसे झिरपत नाही. पण ज्या कणाला ते चिकटले तो कणच पावसाने उचलला, की स्फुरदही त्याच्याबरोबर निघाले. पावसाळ्यातल्या वहाळाचा तांबडा रंग तो हाच. दुसरी वाट विरघळलेल्या स्फुरदाची. ते नुकत्याच फेकलेल्या खतातून आणि उघड्यावरच्या शेणातून येते, आणि त्याला रंग नसल्याने कुणाच्या ध्यानात येत नाही.

स्फुरदाने खालच्या पाण्यात शेवाळ माजण्याचा धोका ठरवताना दोन गोष्टी बघायच्या: शेतात स्फुरद किती आणि कुठे आहे, आणि त्याला वहाळापर्यंत नेणारी वाट आहे का. १९९३ साली अमेरिकेत मांडलेल्या स्फुरद निर्देशांकात, म्हणजे शेताच्या धोक्याला गुण देण्याच्या पद्धतीत, या दोन्ही बाजूंच्या गुणांची बेरीज केली जायची. पुढच्या बऱ्याच आवृत्त्यांनी गुणाकार घेतला, आणि तेच बरोबर. वाटच नसेल तर मातीत स्फुरद कितीही असले तरी ते वहाळाला पोचत नाही.

खतमात्रेसाठी आपण १५ ते २० सेंमी खोलीचा मातीचा नमुना काढतो. वाहून जाते ती मात्र वरची दोन-तीन बोटे माती, आणि फेकलेले खत साचतेही तिथेच. म्हणून एप्रिल-मे मध्ये ० ते ५ सेंमीचा वेगळा नमुना काढा. मातीतले उपलब्ध स्फुरद मोजायला आपल्या आम्लधर्मी मातीला ब्रे पद्धत लावायला प्रयोगशाळेला सांगा. ओल्सेन पद्धत उदासीन ते विम्लधर्मी (अल्कधर्मी) मातीची. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. अहवालातला आकडा मूलद्रव्य स्फुरदाचा की पी२ओ५चा (खताच्या गोणीवर स्फुरद ज्या ऑक्साइडच्या रूपात मोजतात त्याचा), हेही विचारून घ्या. तिथे २.२९ पटींचा फरक पडतो आणि निष्कर्ष सपशेल उलटतो.

आता भातखाचर घेऊ. वीस गुंठ्यांत सिंगल सुपर फॉस्फेटची ५० किलोची एक गोणी टाकली, तर त्यात पी२ओ५ ८ किलो, म्हणजे मूलद्रव्य स्फुरद साधारण साडेतीन किलो. खाचरात ५ सेंमी पाणी उभे असेल तर ते होते सुमारे एक लाख लिटर. गोणीतले नुसते ५ टक्के स्फुरद पाण्यात राहिले तरी लिटरमागे पावणेदोन मिलिग्रॅम भरते. साठलेल्या गोड्या पाण्यात शेवाळ माजायला लिटरला ०.०३ मिलिग्रॅमही पुरते. त्यात आणखी एक गोम आहे: पाणी उभे राहिले की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाचे रूप बदलते आणि त्याने धरलेले थोडे स्फुरद सुटते. कोरड्या मातीचा भरवसा खाचरात चालत नाही.

खत टाकल्यावर निदान आठवडाभर पाणी बाहेर सोडू नये, हा सल्ला बरोबर. पण जुलैच्या झडीत बांध भरून वाहत असताना तो पाळणार कसा? एका गुंठ्यावर १०० मिमी पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी झाले. त्यापेक्षा स्फुरदाची मात्रा शेवटच्या चिखलणीत मातीत मिसळा. नाहीतर युरिया-डीएपीच्या २.७ ग्रॅमच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या) मधोमध ७ ते १० सेंमी खोल खोचा. चिखलणीचे गढूळ पाणी लावणीच्या घाईत सोडून देणे हे सगळ्यात वाईट, कारण त्यात बारीक चिकण असते आणि स्फुरद सर्वाधिक त्यालाच धरून असते. पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरत असेल तर गुण सगळ्यात खालच्या खाचराच्या मोरीला (पाणी बाहेर पडते त्या तोंडाला) द्या.

वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आणि आंब्याच्या उतारावर पाणसळीच्या नळीने उतार मोजा: १० मीटरला १ मीटर उतरला तर १० टक्के. मात्र नुसत्या उतारावर विसंबू नका. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत इरले घेऊन बाहेर पडा आणि पाणी कुठून जाते ते बघा. खाली गवताचा पट्टा राखलेला असतो, पण गुरांच्या वाटेने चर पडलेला असतो आणि पाणी पट्ट्याला बगल देऊन थेट वहाळात उतरते. कागदावर असे शेत सुरक्षित ठरते. चराच्या तोंडाशी पाण्याची बाटली भरून रात्रभर ठेवली की गाळ किती जातो ते दिसते. विरघळलेले स्फुरद मात्र प्रयोगशाळेतच कळणार.

कोंबडीखत नत्राच्या हिशेबाने टाकले, की स्फुरद गरजेपेक्षा जास्त पडते. ते उतारावर, मेअखेर, मातीआड न करता पसरणे म्हणजे स्फुरदाचे आणि वाटेचे, दोन्ही बाजूंचे गुण एकदम वाढवणे.

आपल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, म्हणून भर पावसात काही जाणवत नाही. खरी परीक्षा दिवाळीनंतर, वनराई बंधाऱ्यामागे (गोण्यांत माती भरून घातलेल्या तात्पुरत्या बांधामागे) आणि तळ्यांत पाणी थांबते तेव्हा. तळाच्या गाळात प्राणवायू संपला की स्फुरद परत पाण्यात येते. खाडीत खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे लोह गंधकाशी बांधले जाते आणि स्फुरद तिथेही मोकळे होते. त्यामुळे शेताच्या नोंदीत वहाळाच्या अंतरापुढे एक रकाना आणखी ठेवा: खालचे पाणी पहिल्यांदा थांबते कुठे?