रिची स्ट्रीटचा तंबी आणि रात्रीचा खेळ

(दृश्य : चेन्नई, रिची स्ट्रीट. सकाळी दहाची वेळ. शटर वर जाताहेत. हातगाडीवर चार्जर, केबली, फोनची कव्हरं.)

चेन्नईत फोन फुटला, लॅपटॉप बंद पडला, रिमोट हरवला, की माणूस रिची स्ट्रीटला येतो. अण्णा सालईला, म्हणजे जुन्या माउंट रोडला लागून असलेली ही गल्ली. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड आठवावा आणि तो आणखी अरुंद करावा. दुकानावर दुकान, पाटीवर पाटी, आणि दर चार पावलांवर "काय पाहिजे सर?" म्हणून आडवा येणारा कुणीतरी.

यातल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर आपला माणूस बसतो. सत्ताविशीचा आहे. नाव नको म्हणाला. मालक त्याला तंबी म्हणतो, म्हणजे धाकटा भाऊ. आपणही तंबीच म्हणू. त्याच्यासारखे तंबी या गल्लीत माडीमाडीवर आहेत.

(दृश्य : तंबीचे हात, अगदी जवळून. गरम पाटीवर ठेवलेला फोन.)

फोनची वरची काच तडकली, आतला डिस्प्ले मात्र शाबूत आहे, अशा फोनची फक्त काच बदलायची, हे त्याचं काम. फोन गरम पाटीवर ठेवायचा. ऐंशी अंशांच्या आसपास आतला गोंद सैल पडतो. मग काच आणि डिस्प्ले यांच्या फटीत केसाइतकी बारीक तार घालायची आणि दोन्ही टोकं धरून ती इकडून तिकडे ओढत खाली न्यायची. घाई केली की डिस्प्लेवर हिरवी रेघ उमटते आणि तो डिस्प्ले पगारातून कापला जातो. काच सुटली, की चिकटून राहिलेला गोंद अंगठ्याने चोळून चोळून काढायचा. वर्षानुवर्षं हे केल्यामुळे तंबीच्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्यात. अंगठा लावायचा म्हटलं की यंत्र त्याला ओळखतच नाही. दुसरं बोट पुढे करावं लागतं.

फोन जोडून झाला की तपासणी. आधी नुसता लाल पडदा, मग हिरवा, मग निळा. त्यानंतर एखादं सिनेमाचं गाणं लावायचं, म्हणजे रंगही कळतात आणि आवाजही. प्रत्येक कारागिराचं गाणं ठरलेलं. त्यामुळे दिवसभर या माळ्यावर तीच ती गाणी वाजतात, आणि एकही शेवटपर्यंत वाजत नाही.

(दृश्य : रेल्वेच्या खिडकीतून काळं रान. सपाट जमीन, बाभळी, मधूनच कारखान्याची एखादी चिमणी.)

तंबी कोविलपट्टीकडचा. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला, तुतिकोरिन जिल्ह्यात. पाऊस बेताचा, माती काळी, आपल्याकडच्या कापसाच्या रानासारखी. कोविलपट्टीच्या दोन गोष्टी प्रसिद्ध : काडेपेटी आणि शेंगदाण्याची चिक्की. या चिक्कीला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळालं. लोणावळेकरांनी राग मानू नये. तंबीची आई काडेपेटीच्या कारखान्यात चौकटीत काड्या लावायला जायची. वडील दुसऱ्याच्या शेतात आणि मिळेल तिथे.

वडलांचा सिनेमा तंबूतला. गावाबाहेर टूरिंग टॉकीज लागायची. पुढे बसायला वाळू, मागे बाकं, त्याच्याही मागे खुर्च्या, आणि बाया-पुरुषांच्या मधोमध बुटकी भिंत. वाळूचं तिकीट सगळ्यांत स्वस्त. समोर उंच माणूस आला तर हातांनी वाळू ओढून बुडाखाली ढीग करायचा आणि त्यावर चढून बसायचं. मग मागचाही ढीग करणार, त्याच्या मागचाही. प्रोजेक्टर एकच, म्हणून रीळ बदलताना दर वेळी दिवे लागायचे आणि मुरुक्कू विकणारा आत यायचा. हे सगळं वडील इतक्या वेळा सांगतात, की तंबी तिथे कधी बसला नव्हता हे आपणच विसरतो.

तंबीचा स्वतःचा सिनेमा सुरू झाला तो सरकारी टीव्हीवर. २००६ च्या निवडणुकीत द्रमुकने गरीब घरांना रंगीत टीव्ही फुकट द्यायचं वचन दिलं आणि सत्ता मिळाल्यावर ते पाळलं. टीव्ही गावात आला, मागोमाग केबलवाला आला. पोंगल आणि दिवाळीच्या आधी पंधरा दिवस वाहिनीवरून भारदस्त आवाजात घोषणा व्हायची : "भारतीय दूरचित्रवाणीवर प्रथमच! पडद्यावर येऊन काही महिनेच झालेला..." ही घोषणा तंबीच्या पिढीला तोंडपाठ आहे. कुठल्याही तमिळ पोराला निम्मी म्हणून दाखवा, उरलेली तो त्याच आवाजात पुरी करतो.

मग २०११ साली सरकार बदललं. जयललिता आल्या. सरकारी शाळांतल्या बारावीच्या मुलांना लॅपटॉप मिळायला लागले. यथावकाश तंबीलाही मिळाला. अभ्यासासाठी दिलेला. त्यावर काय चाललं हे सांगायला नकोच : पेनड्राइव्ह वर्गभर फिरायचा आणि शुक्रवारचा सिनेमा सोमवारी वसतिगृहात असायचा. वर्षभराने पंखा बिघडला, लॅपटॉप तापून बंद पडायला लागला. दुरुस्तीला पैसे नव्हते. तंबीने चष्म्याच्या दुकानातून बारीक स्क्रूड्रायव्हर मागून आणला आणि यंत्र उघडलं. त्याच्या हातात आज जी विद्या आहे, तिचा पहिला धडा तो.

फुकटच्या टीव्ही-लॅपटॉपला 'रेवडी' म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि राज्याच्या तिजोरीचा हिशेब मांडला तर त्यांचंही काही चूक नाही. पण रिची स्ट्रीटच्या माळ्यांवर बसलेल्या पोरांना विचारावं, पहिलं यंत्र कुठलं उघडलंत. सरकारी लॅपटॉप हे उत्तर ऐकायची तयारी ठेवावी.

(दृश्य : ट्रिप्लिकेन. जुन्या चार मजली इमारती, गॅलरीत वाळत घातलेल्या लुंग्या.)

मुत्तुनगर एक्स्प्रेस संध्याकाळी तुतिकोरिनहून निघते आणि सकाळी एग्मोरला पोचते. दक्षिणेकडची किती पोरं या गाडीने चेन्नईत उतरली, देव जाणे. उतरून जायचं कुठे, तर ट्रिप्लिकेनच्या मॅन्शनमध्ये. नाव मोठं. आत दहा बाय दहाची खोली, तीन खाटा, एक पंखा आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास-बाथरूम. फक्त पुरुषांसाठी. एका बाजूला पार्थसारथीचं देऊळ, दुसऱ्या बाजूला वालाजा मशीद, पलीकडे चेपॉकचं मैदान, आणि मधे हे नोकरदार, उमेदवार, स्पर्धा परीक्षावाले, सिनेमात काम मिळेल म्हणून आलेले आणि परत न गेलेले.

महिनाअखेरीला पैसे संपले की अम्मा उणवगम. २०१३ साली महापालिकेने ही उपाहारगृहं उघडली तेव्हा इडली एक रुपया, सांबार-भात पाच रुपये आणि दहीभात तीन, असा भाव होता. तंबी चव काही वाखाणत नाही. पोट भरतं, म्हणतो.

आता मे महिना डोळ्यांपुढे आणा. तमिळनाडूत याला कत्तिरीचं ऊन म्हणतात. मॅन्शनच्या वरच्या मजल्यावर, गच्चीखालच्या खोलीत, रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर गरम लागते. अशा वेळी सिनेमा कुठला लागलाय हा प्रश्न दुय्यम. थेटरात एसी आहे.

ही युक्ती जुनीच. माउंट रोडवर १९६४ साली सफायर नावाचं थिएटर उभं राहिलं, एकाच इमारतीत तीन पडदे. त्यातल्या ब्लू डायमंडमध्ये सिनेमा सकाळपासून रात्रीपर्यंत सलग चालायचा. तिकीट काढून केव्हाही आत शिरा, केव्हाही उठा. त्या काळच्या मॅन्शनवाल्यांनी तिथे दुपारच्या दुपार झोपून काढल्या. आता ती इमारत नाही. शिवाजी गणेशन यांच्या घरचं शांती थिएटर २०१६ ला बंद झालं. अशोक नगरचं उदयम २०२४ ला गेलं. देवी मात्र १९७० पासून आहे तिथेच आहे, आणि रिची स्ट्रीटच्या तोंडाशी कसिनो. अण्णा सालईवरच्या पोस्टाच्या आवारात तर १९१३ सालचं इलेक्ट्रिक थिएटर उभं आहे. तिथे आता टपाल तिकिटांचा विभाग चालतो. तंबी त्या पोस्टात मनीऑर्डर करायला गेलेला आहे. थेटर आहे म्हणून आम्ही सांगितलं तर हसला.

(दृश्य : तिकीट खिडकी. दरफलक.)

तंबीला देवीत बसणं परवडतं, याचं कारण या फलकावर आहे. तमिळनाडूत सिनेमाचं तिकीट कितीला विकायचं हे सरकार ठरवतं. मल्टिप्लेक्सला कित्येक वर्षं १२० रुपयांची मर्यादा होती, आणि पुढच्या थोड्या खुर्च्या दहा रुपयांत द्यायचं बंधन. २०१७ साली मर्यादा दीडशेवर गेली, कर वेगळा. शनिवारी संध्याकाळी मुंबई-पुण्यात मल्टिप्लेक्सला जाणाऱ्यांनी आपापलं तिकीट आठवून बघावं. थिएटरमालक कुरकुरतात, आणि वीजबिल पाहिलं तर त्यांनाही दोष देववत नाही. पण सिनेमा हा गरिबाच्याही वाट्याला यायचा जिन्नस आहे, हे या राज्यात द्रमुक आणि अण्णाद्रमुक या दोघांनाही मान्य आहे. बाकी कशावर त्यांचं एकमत असेल तर शोधावं लागेल.

कारण उघड आहे. अण्णादुरै आणि करुणानिधी सिनेमे लिहायचे. एमजीआर नायक, जानकी आणि जयललिता नायिका. पाचही जण मुख्यमंत्री झाले. २०२४ ला नट विजयनेही पक्ष काढला. तंबी विजयचा पंखा. पक्षाबद्दल विचारलं तर कॅमेऱ्याकडे बघतो आणि गरम पाटीचं बटण चालू करतो.

वडील रजनीकांतचे. इथे आपली मराठी छाती जरा फुगते : शिवाजीराव गायकवाड, बंगळूरचा बस कंडक्टर, घरची भाषा मराठी. माटुंग्याच्या अरोरात त्याचे सिनेमे लागायचे तेव्हा मुंबईतही फटाके फुटायचे. आम्ही हे फोनवर वडलांना सांगितलं. त्यांना ठाऊकच होतं. "असू दे की," म्हणाले, आणि चिक्की पोचली का ते विचारलं.

(दृश्य : फोनवर काढलेला जुना व्हिडिओ. पहाट, ढोल, कागदाचे कपटे, उंच कटआउट.)

पहिल्या दिवसाचा पहिला खेळ. तंबीच्या फोनमध्ये असे व्हिडिओ जपून ठेवलेत. पहाटे चारचा खेळ, म्हणून रात्री झोपायचंच नाही. कटआउटवर दुधाचा अभिषेक, कापूर, नारळ, शिट्ट्या. दुधाची क्रेट पळवतात म्हणून दूधविक्रेत्यांच्या संघटनेने तक्रारी केल्या, इतकं ते दूध. दीडशेची मर्यादा त्या दिवशी कुणी विचारत नाही. तिकीट कुठून आलं आणि कितीला पडलं, हे तंबी आम्हालाही सांगत नाही. आणि या गर्दीत बाई शोधून सापडत नाही. दुकानात हिशेब बघणारी मुलगी सिनेमाची तंबीइतकीच वेडी, पण तिच्या हॉस्टेलचं दार रात्री लवकर बंद होतं. तिचा पहिला दिवस म्हणजे रविवारची मॅटिनी.

११ जानेवारी २०२३ ला अजित आणि विजय या दोन नटांचे सिनेमे एकाच दिवशी लागले. मध्यरात्रीपासून रस्त्यावर पोरं. कोयंबेडू भागात एक तरुण चालत्या लॉरीवर चढून नाचला, खाली पडला आणि गेला. त्यानंतर पहाटेचे खेळ थांबले. मोठ्या सिनेमाचा पहिला खेळ सकाळी नऊला व्हायला लागला. केरळात मात्र त्याआधीच पडदा उजळतो. म्हणून चेन्नईचा माणूस खुर्चीत बसायच्या आत पालक्काडहून मध्यंतराचा धक्का त्याच्या फोनवर येऊन पडलेला असतो. हौशी मंडळी पहाटे गाडी काढून सीमा ओलांडतात. तंबी त्या सकाळी फोन बंद ठेवतो. फोन दुरुस्त करणारा माणूस!

नऊचा खेळ म्हणजे अर्धा दिवस रजा, आणि मालक रजा देत नाही. म्हणून हल्ली तंबी दोन-तीन दिवस थांबून रात्रीच्या खेळाला जातो. शटर नऊला पडतं. अण्णा सालई पायी ओलांडायची, मधे परोटा-सालना, की खेळाला वेळेत. "शिट्टी मारायला मिळत नाही," एवढीच तक्रार. सुटल्यावर चहाच्या टपरीपाशी मॅन्शनमधले चौघं उभे राहतात आणि भांडण एकच : सेकंड हाफ लांबला की नाही.

(दृश्य : तंबीचा फोन. रेल्वेच्या आरक्षणाचं पान.)

दिवाळीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. या वर्षी तंबीला तिकीट मिळालंय. गावी गेल्यावर कोविलपट्टीत सिनेमा कुठला बघायचा, यावर आत्तापासून फोनवर रोज बाप-लेकाची जुंपते. वडील म्हणतात, थलैवरचा, म्हणजे रजनीकांतचा, जुना पुन्हा लागणार आहे, तोच. तंबी म्हणतो, एवढ्या लांबून मी टीव्हीवर शंभरदा पाहिलेला सिनेमा बघायला येऊ? पलीकडून आई फोन काढून घेते. "तुम्ही दोघं भांडत बसा. मी अक्काला घेऊन दुपारच्या खेळाला जातेय. पैसे पाठव."