वळिवड्याचे पोलिश आणि कोयनेचे धरणग्रस्त

तर मंडळी, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश कॅम्पचं नाव निघालं की आपल्या कोल्हापूरकरांची छाती फुगते. फुगू दे की. 1940-41 ला सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली माणसं घराबाहेर काढली, मालगाडीत कोंबली आणि पार सायबेरिया-कझाकस्तानला नेऊन टाकली. मग हिटलरने रशियावरच हल्ला केला तेव्हा यांची सुटका झाली, तिथनं हाल काढत इराण, आणि 1943 ला त्यातले जवळपास 5000 जण इथं आपल्या दारात, बायका-पोरंच जास्त. बराकी, शाळा, चर्च, नाटकंसुद्धा व्हायची. जुनी माणसं सांगायची की भाजीवाल्या चक्क पोलिशमधनं भाव सांगायच्या. मला हे लई आवडतं. वांग्याच्या दरावरनं रोज घासाघीस झाली की माणूस किती दिवस परका राहणार?

1948 पर्यंत ते गेले, पण घरी नाही हां, बहुतेकांची गावं युद्धानंतर सोव्हिएत हद्दीत गेलेली, मग कुणी इंग्लंड, कुणी ऑस्ट्रेलिया. आणि त्याच जागेत फाळणीत सिंध सोडून आलेली माणसं राहिली, तेच आजचं गांधीनगर, जिथं आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो.

आता सत्काराच्या भाषणात जे येत नाही ते सांगतो. पोलिश कॅम्पचा खर्च त्यांचं देशाबाहेर, लंडनमधनं चालणारं सरकार करत होतं. म्हणजे मन आपलं मोठं होतं, मान्य, पण त्यांच्यामागं उभं राहणारं कुणीतरी होतं. ज्याच्यामागं कुणीच नाही त्याचं काय? भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, वेगळा कायदाही नाही, त्यामुळे तिबेटी माणसाला एक वागणूक आणि रोहिंग्याला दुसरी. 1996 ला चकमा लोकांच्या (पूर्व पाकिस्तानातनं अरुणाचलमध्ये आलेले निर्वासित) केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कलम 21, म्हणजे जगण्याचा हक्क, नागरिक नसलेल्यालाही लागू आहे, जीव तर त्यालाही आहेच ना. पण कोर्टापर्यंत पोचणार किती जण?

आणि लांब कशाला जाता. माझं आजोळ शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या पाण्याखाली आहे. कोयनेची माणसं सरकारने उठवली, कुणी रायगडला, कुणी सोलापूरला, आणि जिथं गेली तिथल्या गावाला ती नकोच होती, विहिरीवर पाणी भरू देईनात. पुनर्वसनाचा कायदा आला 1976 ला, धरण कधीच भरून बसलेलं. पोलिश माणूस पाहुणा म्हणून मिरवला आणि शेजारच्याच साताऱ्यातला माणूस उपरा ठरला, कारण पाहुणा जाणार होता आणि हा जमीन मागत होता! कडू वाटेल, पण मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

तिसरी पिढी अजून संकलन रजिस्टरमध्ये, म्हणजे धरणग्रस्तांच्या सरकारी नोंदवहीत, आजोबाचं नाव शोधत कचेरीत फिरतेय. माझा मामेभाऊ त्यातलाच, सोमवारी परत बोलावलंय त्याला, झेरॉक्स घेऊन.