काळ्या भुग्याचे दोन व्होल्ट

(दृश्य: टॉर्चचा जुना सेल. दगडाचा एक घाव.)

संपलेला सेल फोडून पाहिला नाही असं पोर आमच्या आळीत नव्हतं. आतून कार्बनची कांडी निघायची आणि काळा भुगा. हात दोन दिवस काळे, वर आईची बोलणी. त्या भुग्यात मुख्य माल मँगनीज डायऑक्साइडचा. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून त्याचं खनिज निघतं. आज याच पदार्थाची दुसरी नोकरी बघू, हायब्रिड सुपरकपॅसिटरमधली, म्हणजे दोन वेगळ्या मालाचे इलेक्ट्रोड समोरासमोर ठेवून वीज साठवणाऱ्या डबीतली.

(दृश्य: टेबलावर ओळीने चार बीकर.)

पट्टी आळीपाळीने बीकरांत बुडवून तिच्यावर थर चढवायच्या पद्धतीला 'सिलार' म्हणतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे यांच्या गटाने अशा साध्या रासायनिक पद्धतींनी पातळ थर बसवण्यावर बरीच वर्षं काम केलं. स्टेनलेस स्टीलची पट्टी आधी मँगनीज सल्फेटच्या द्रावणात बुडवायची. मग पाण्यात खळबळून घ्यायची. तिसऱ्या बीकरात पोटॅशियम परमँगनेट, विहिरीत टाकायचं तेच जांभळं औषध. पुन्हा पाणी. ही झाली एक फेरी. सुरुवातीला पट्टीवर काही दिसतच नाही. फेऱ्या वाढल्या की चहाचा डाग पडावा तसा रंग चढतो, पुढे गडद तपकिरी होतो.

हा थर मँगनीज डायऑक्साइडचा, आणि हा झाला धन इलेक्ट्रोड. समोर ऋण बाजूला सक्रिय कार्बन, बहुतेकदा नारळाच्या करवंटीचा. त्याच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग दडलेला असतो. कार्बन द्रावणातल्या आयनांना, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांना, नुसतं अंगाला चिकटवून ठेवतो. मँगनीज डायऑक्साइड पृष्ठभागाजवळ इलेक्ट्रॉनची देवघेवही करतो. दोघांचा स्वभाव वेगळा, म्हणून हायब्रिड. काहीजण याला 'असममित' म्हणा असा आग्रह धरतात. तो वाद त्यांना लखलाभ.

(दृश्य: वजनकाट्यावर पांढरी पूड.)

सगळं कौतुक इलेक्ट्रोडच्या वाट्याला जातं. माझ्या मते खरी गंमत मधल्या पाण्यात आहे. लिटरभर द्रावणात १४२ ग्रॅम सोडियम सल्फेट, बस. साठणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते. व्होल्टेज दुप्पट, तर ऊर्जा चौपट. पण पाणी १.२३ व्होल्टला फुटायला लागतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. म्हणून दोन्ही बाजूंना कार्बन असलेली, आम्ल किंवा अल्कलीच्या पाण्यातली जोडी साधारण एका व्होल्टवर थांबते.

आपली जोडी मात्र दोन व्होल्टपर्यंत जाते. कशी? द्रावण आम्लही नाही, अल्कलीही नाही. कार्बनच्या छिद्रांतलं पाणी चार्जिंग होताना अल्कधर्मी होतं आणि तयार होणारा हायड्रोजन बुडबुडा न होता कार्बनमध्येच मुरतो. पलीकडे मँगनीज डायऑक्साइडवर ऑक्सिजन सुटायलाही जास्त व्होल्टेज लागतं. दोन्हीकडून थोडी थोडी सवलत मिळते. १९९९ मध्ये टेक्सासला ली आणि गुडइनफ यांनी हे ऑक्साइड पोटॅशियम क्लोराइडच्या साध्या द्रावणात कपॅसिटरसारखं वागतं हे दाखवलं. हे गुडइनफ म्हणजे २०१९ चे लिथियम बॅटरीचे नोबेलवाले.

असिटोनायट्राइलसारख्या सेंद्रिय द्रावकात २.७ व्होल्ट मिळतात, लिथियमवाल्या हायब्रिडला ३.८. पण ती द्रवं पेट घेतात आणि जराही ओलावा सोसत नाहीत.

(दृश्य: दोन पट्ट्या समोरासमोर.)

बैलजोडीसारखंच इथेही आहे. दोन्ही बाजूंचा विद्युतभार सारखाच भरतो, त्यामुळे कुठला माल किती घ्यायचा याचा हिशेब आधी मांडावा लागतो. तो चुकला की एक बाजू आपल्या मर्यादेबाहेर ओढली जाते.

आणि 'प्रति ग्रॅम इतके फॅरड' (फॅरड म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचं माप) असा आकडा कुणी सांगितला, की ग्रॅम कशाचा ते विचारा. थर असतो मिलिग्रॅमभर. पट्टी, पाणी, डबी काट्यावर चढली की आकडा घसरतो.

(दृश्य: व्होल्टेजचं बटण, अगदी जवळून.)

१.६. १.८. दोन. द्रावण शांत. बटण अजून थोडं पुढे. पट्टीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा धरतो, फुगतो, सुटून वर जातो. बटण मागे.