पाँटून बोटीला किती एचपीचं इंजिन लावायचं?

नमस्कार. पाँटून बोट, म्हणजे धातूच्या बंद नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट, घेताना बरेच जण फुटांत लांबी सांगतात आणि विचारतात, एचपी किती? नुसत्या लांबीवर हे ठरत नाही. भरलेल्या बोटीचं वजन किती आणि खाली नळ्या दोन की तीन, हे आधी सांगा.

वजन मांडूया. रिकामी बोट १००० किलो. इंजिन १७०. आठ माणसं, प्रत्येकी ७५ धरा, झाले ६००. शंभर लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ७५ किलो. बॅटरी, नांगर, सामान १००. बेरीज १९४५. ढोबळ हिशोब असा की दर २० किलोला १ एचपी. उत्तर येतं ९७. मग ९० घ्यायचं की ११५? बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीत, म्हणजे जास्तीत जास्त किती एचपी चालेल हे लिहिलेल्या पाटीत, बसत असेल तर ११५ घ्या. पाँटूनचे कठडे आणि छत वारा धरतात. समोरून वारा आला की ही जास्तीची ताकद लागतेच.

आरामात, सावकाश फिरायचं असेल तर मध्यम आकाराच्या दोन नळ्यांच्या बोटीला ४० ते ६० एचपी पुरतं. दोन नळ्या पाणी कापत जातात, फारशा वर उचलल्या जात नाहीत, म्हणून एका मर्यादेनंतर एचपी वाढवूनही वेग जेमतेम वाढतो, पेट्रोल मात्र जातं. मागे कुणाला स्कीवर ओढायचं असेल तर तिसरी नळी आणि नळ्यांना उचल देणाऱ्या पट्ट्या हव्यात. अशा बोटीला १५० आणि त्यापुढचं इंजिन खरंच कामी येतं.

उंचावरच्या तलावात बोट चालवणार असाल तर दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के ताकद कमी धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: प्रोपेलर, म्हणजे बोटीला ढकलणारा पाण्यातला पंखा. नेहमीची माणसं आणि सामान घेऊन, शांत पाण्यात, थ्रॉटल (वेगाचा दांडा) पूर्ण उघडा आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, बघा. समजा, इंजिनाच्या पुस्तिकेत ५००० ते ६००० लिहिलंय आणि काटा ४७०० वर अडकलाय. इंजिन दमतंय, असंच चालवलं तर तापतं, आत कार्बन साठतो. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात हिशोबाने जितके इंच पुढे जाईल ते अंतर. ती एक इंच कमी केली की आरपीएम दीडशे-दोनशेने वाढतात, म्हणून १४ च्या जागी ११ पिच लावून बघा. काटा ६००० च्या वर जात असेल तर उलट, पिच वाढवा.

आरपीएम बरोबर येऊनही बोट ओढत नसेल, तेव्हाच मोठं इंजिन बघा. तेही पाटीवरच्या आकड्याच्या आतलंच.